पॅच मंगळवारानंतरचा बुधवार

मंगळवार, ८ एप्रिल २०२५, रात्री साडेदहा
अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात आणि मायक्रोसॉफ्टचे महिन्याचे पॅच उतरतात. यादीत सीव्हीई-२०२५-२९८२४, विंडोजच्या सीएलएफएस ड्रायव्हरमधला दोष. गुण ७.८, शेरा ‘महत्त्वाचा’, ‘गंभीर’सुद्धा नाही. पण शेजारीच लिहिलंय, हल्ल्यात वापर झालेला आहे. विंडोज १० चं अपडेट अजून आलेलंच नाही.

पावणेबारा
मायक्रोसॉफ्टचा या हल्ल्यांवरचा अहवाल वाचतोय. सीएलएफएस लॉग सांभाळतो आणि चालतो थेट कर्नलमध्ये. सोडून दिलेली मेमरी तो पुन्हा वापरतो. त्याचा फायदा घेऊन हल्लेखोर आपल्या प्रोसेसच्या टोकनमधले अधिकारांचे सगळे बिट चालू करतो, मग पासवर्ड उचलतो आणि शेवटी रॅन्समवेअर सोडतो. अमेरिका, व्हेनेझुएला, स्पेन, सौदी अरेबिया इथल्या कंपन्यांना झळ बसलीय. या दोषाने दार फुटत नाही. चोर ओसरीवर आलेलाच असतो, त्याला तिजोरीची किल्ली मिळते.

बुधवार, सकाळी साडेनऊ
साहेब म्हणाले, “८.१ चे गंभीर आहेत ना, ते आधी घ्या.” मला पटत नाही. गुण बघून रांग लावणं सोपं असतं, एवढंच. ज्या रिमोट डेस्कटॉप सर्व्हरवर अख्खं अकाउंट्स बसतं आणि जो तो मेलमधली अटॅचमेंट उघडतो, तो आधी. बऱ्याच वादानंतर मान्य झालं.

साडेअकरा
अकाउंट्सच्या मॅडम : “परवा ११ तारीख, जीएसटीआर-१ भरायचाय. सर्व्हर बंद केलात तर रिटर्न तुम्हीच भरा.”
“जेवणाच्या सुट्टीत करतो, मॅडम.”
पॅच टाकून भागत नाही. जुना ड्रायव्हर मेमरीत तसाच चालू राहतो, रीस्टार्ट हवाच.

दीड
रीस्टार्ट. ३० टक्क्यांवर अडकला. डबा तसाच.

चार
अहवालात दिलेल्या खुणा सगळ्या मशीनवर शोधल्या : प्रोग्रामडेटात ‘स्कायपीडीएफ’ फोल्डर आहे का, विंडोजच्याच सर्टयुटिलने बाहेरून काही उतरवलंय का. एका ठिकाणी सर्टयुटिल वापरलेलं सापडलं. डेव्हलपर प्रमाणपत्र तपासत होता.

सहा
विंडोज ११ च्या २४एच२ वर हा हल्ला चालत नाही, ती मशीन शेवटी. उद्या महावीर जयंतीची सुट्टी, लॅपटॉप घरी निघालेत. नाशिकच्या सेल्सवाल्याला फोन लावला.
“शेवटचं रीस्टार्ट कधी केलं होतंत?”
“रोज बंद करतो की, झाकण लावून.”