कार्ड हातात, धान्य नाही
(लेखमाला : कागदोपत्री, भाग ६)

मागच्या आठवड्यात आपण उत्पन्नाचा दाखला काढला. तो घेऊन आता पुरवठा शाखेच्या रांगेत उभं राहायचं. या खिडकीला गावात तहसीलची पुरवठा शाखा म्हणतात, मुंबईत शिधावाटप कार्यालय आणि पुण्यात परिमंडळ कार्यालय. लोकांच्या तोंडी मात्र सगळीकडे एकच शब्द असतो, ‘रेशनिंग हापीस’. रांगेतल्या बहुतेकांची एकच समजूत असते, की कार्ड झालं की धान्य सुरू. तिथेच गडबड होते. कार्ड ही एक गोष्ट आहे आणि कार्डावर धान्य चालू होणं ही दुसरी. दोन्हींमध्ये कधीकधी वर्षं जातात.

आधी रंग. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तिरंगी कार्डं आहेत. वर्षाचं उत्पन्न १५ हजारांपर्यंत असेल तर पिवळं, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी आणि त्याहून जास्त असेल तर पांढरं. पिवळ्या कार्डाच्या अटींत घरी दूरध्वनी नसावा अशीही एक अट होती. तेव्हा फोन म्हणजे श्रीमंती. आज त्याच कार्डाची पडताळणी मोबाइलवर होते. केशरी कार्डाच्या चारचाकीच्या अटीतून टॅक्सी वगळलेली होती, तेवढी दया त्या नियमांत होती.

पण रंगावर धान्य मिळण्याचे दिवस सरले. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली आला, राज्यात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला आणि रंगाच्या वर एक नवी वर्गवारी बसली. एक गट अंत्योदय, दुसरा प्राधान्य कुटुंब. बाकीचे सगळे या कायद्याच्या बाहेर. केशरी कार्डवाल्यांचे त्यामुळे दोन भाग झाले. ज्यांच्या कार्डावर ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का पडला ते आत, ज्यांच्यावर नाही ते बाहेर. शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन घरांत एकाच रंगाची कार्डं असतात. एक घर महिन्याला वीस किलो आणतं, दुसऱ्याचं कार्ड कपाटात पडून राहतं. मग दुसऱ्या घरातली बाई दुकानदाराशी भांडते. दुकानदाराचा यात काही हात नसतो. त्याच्या ई-पॉस यंत्रावर जेवढी नावं दिसतात, तेवढ्यांचंच धान्य तो मोजू शकतो.

आत येण्यासाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. ग्रामीण भागात वर्षाला ४४ हजार आणि शहरात ५९ हजार, तेही एकट्याचं नव्हे, अख्ख्या कुटुंबाचं. हे आकडे २०१३ सालचे आहेत आणि अर्जासोबत तेच विचारले जात आले आहेत. जरा गणित मांडू. रोजगार हमीवर २०२४-२५ मध्ये दिवसाची मजुरी २९७ रुपये होती. नवरा-बायको दोघंही वर्षात फक्त ७५ दिवस कामावर गेले, तर मिळकत होते ४४,५५० रुपये. म्हणजे सरकारच्याच कामावर, सरकारच्याच दराने, वर्षातले अडीच महिने राबलेलं जोडपं सरकारच्याच मर्यादेबाहेर जातं. शहरातले ५९ हजार म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी. पुण्यात त्यात खोलीचं भाडं भागवून दाखवावं.

याचा परिणाम सगळ्यांना माहीत आहे, फक्त कुणी लिहीत नाही. अर्जदार खरं उत्पन्न सांगत नाही, दाखला देणारा खोदून विचारत नाही, आणि ४०-४५ हजारांचे दाखले ढिगाने निघतात. गरीब माणसाला आपला हक्क घेण्यासाठी आधी सही करून खोटं बोलायला लावणारी ही पद्धत मला चीड आणते. पुढे अपात्र कार्डांची तपासणी निघते तेव्हा तीच सही त्याच्या मानेवर बसते. तरी माझा सल्ला असा, की दाखल्यावरचा आकडा दलालाला भरू देऊ नका. काय लिहिलंय ते वाचून घ्या.

मर्यादेत बसलात तरी पुढे एक भिंत आहे. तिचं नाव इष्टांक. कार्यालयात ‘कोटा फुल्ल आहे’ म्हणतात ते याबद्दलच. केंद्राने प्रत्येक राज्याला लाभार्थ्यांचा आकडा बांधून दिला आहे. महाराष्ट्राचा आकडा सुमारे ७ कोटी. ग्रामीण लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या ४५.३४ टक्के माणसं त्यात बसतात, आणि लोकसंख्या धरली आहे २०११ च्या जनगणनेची. त्यानंतर जन्मलेली मुलं, वाढलेल्या वस्त्या, कामासाठी शहरात आलेली बिऱ्हाडं या गणितात नाहीत. हाच सात कोटींचा आकडा जिल्ह्याजिल्ह्यांत वाटला जातो. त्यामुळे नव्या कुटुंबाला आत घ्यायचं तर आतलं कुणी बाहेर पडावं लागतं. कुणी वारलं, कुणी स्थलांतरित झालं, कुणी नोकरीला लागलं आणि नाव कमी झालं, तर जागा होते. मेलेल्यांची नावं कार्डावर तशीच राहतात तेव्हा त्याचा फटका तुमच्याच गल्लीतल्या एखाद्या पोराला बसतो, हे मी मुद्दाम सांगतो.

म्हणून अर्ज करताना दोन वेगळ्या मागण्या आहेत हे डोक्यात पक्कं ठेवा. नवं कार्ड हवं असेल तर अर्ज नमुना १ चा. सोबत घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं, राहण्याचा पुरावा (वीजबिल किंवा भाडेकरार), उत्पन्नाचा दाखला, फोटो आणि आधीच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला. कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या अठरा वर्षांवरील सर्वांत मोठ्या बाईचं नाव लागतं, हे कायद्यातच आहे. पुरुषांना ते अजून पटत नाही आणि बायकांना ते कुणी सांगितलेलं नसतं. दुसरी मागणी म्हणजे ‘माझ्या कुटुंबाचा प्राधान्य गटात समावेश करावा’. ही लेखी, वेगळी द्या आणि तिची पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का आणि तारीख. नुसतं ‘ठेवून जा’ म्हटलं तर कागद ठेवू नका. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी तीन वर्षांत चारदा अर्ज ‘ठेवला’ आणि चारही वेळा तो नव्याने मागितला गेला.

घरात विधवा, अपंग, गंभीर आजारी किंवा आधार नसलेलं साठीपुढचं माणूस कुटुंबप्रमुख असेल, किंवा कुटुंब कातकरी, कोलाम, माडिया गोंड समाजातलं असेल, तर प्राधान्यावर थांबू नका, अंत्योदय मागा. फरक मोठा आहे. प्राधान्यात माणशी ५ किलो मिळतात. अंत्योदयात घरात कितीही माणसं असोत, कार्डामागे ३५ किलो. एकट्या म्हातारीला एका बाजूने पाच आणि दुसऱ्या बाजूने पस्तीस. सातांहून मोठं कुटुंब असेल तर मात्र हिशेब उलटतो, तो आधी बोटांवर करून घ्यावा. आणि १ जानेवारी २०२३ पासून दोन्ही गटांना हे धान्य मोफत आहे. पूर्वीचे तांदळाचे तीन आणि गव्हाचे दोन रुपये गेले. तेव्हा गहू-तांदळासाठी कुणी सुट्टे पैसे मागितले तर देऊ नयेत.

मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना आधी धान्य मिळायचं, २०२३ पासून त्याऐवजी खात्यात रोख रक्कम येते. ती दरडोई महिना १५० रुपये होती, पुढे १७० झाली. त्या पैशांत पाच किलो धान्य बाजारातून आणून दाखवावं.

आता गावाकडून आलेल्यांसाठी. समजा, परभणीकडचं एक कुटुंब पुण्यात हडपसरला बांधकामावर आलंय. सासू-सासरे आणि मोठा मुलगा गावी, नवरा-बायको आणि धाकटी इथे. अशा घरातली बाई नवं कार्ड काढायला येते तेव्हा मी विचारतो, ‘ताई, गावच्या कार्डावर धान्य चालू आहे का?’ चालू असेल तर नवं कार्ड काढूच नका. एक देश, एक रेशन कार्ड या व्यवस्थेत तुम्ही तुमच्या वाटचं धान्य पुण्यातल्या कोणत्याही रेशन दुकानातून उचलू शकता आणि उरलेलं सासू गावी उचलू शकते. कार्डाचा बारा अंकी नंबर किंवा आधार सांगायचा, अंगठा लावायचा. ‘तुमचं कार्ड इथलं नाही’ असं दुकानदार म्हणाला तर ते चूक आहे. १९६७ किंवा १८००-२२-४९५० या क्रमांकावर दुकानासमोर उभं राहूनच फोन लावा. फोन लागेपर्यंत बऱ्याचदा यंत्र सुरू होतं. उलट गावचं नाव कमी करून पुण्यात नव्याने अर्ज केलात, तर गावची जागा गेली आणि इथला कोटा भरलेला, असं होतं.

अंगठा न लागण्याचं दुखणं सगळीकडे आहे. विटा, सिमेंट, भांडी घासण्याची पावडर यांनी बोटांच्या रेघा झिजतात. ई-केवायसी (आधारवरून ओळखीची पडताळणी) प्रत्येक सदस्याची व्हावी लागते. ती कोणत्याही रेशन दुकानात होते, आणि बोट चालत नसेल तर ‘मेरा ई-केवायसी’ ॲपवर चेहरा दाखवून. लहान मुलांचं आधार पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अद्ययावत करावं लागतं. ते राहिलं की यंत्र मुलाला ओळखत नाही आणि घरातलं एक युनिट, म्हणजे एका माणसाचं धान्य, अडकतं.

धान्य घेतल्यावर यंत्रातून निघणारी पावती मागून घ्या. तिच्यावर किती युनिटचं धान्य दिलं ते छापलेलं असतं. कमी मोजलं गेलं तर तक्रार त्या चिठ्ठीवरच उभी राहते. जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यांच्यावर राज्य अन्न आयोग असा मार्ग कायद्याने दिलेला आहे, पण हातात चिठ्ठी नसेल तर तिथे सांगायचं काय?

पुढच्या आठवड्यात नमुना ८ आणि नमुना ९, म्हणजे नाव चढवणं आणि उतरवणं. लग्न झालेल्या मुलीचं नाव माहेरच्या कार्डातून निघतं, त्याचा दाखला सासरी द्यायचा, आणि सासरचा इष्टांक भरलेला असतो. मधले महिने, कधी वर्ष, ती कोणत्याच कार्डावर नसते. तिचे ते पाच किलो कुठे जातात, तिथून सुरुवात करू.