ड्रम मॅगझीन

रायफल, सबमशिनगन, हलकी मशिनगन इ. शस्त्रांत काडतुसे साठवून ती एकामागून एक काडतूस-कक्षाच्या तोंडाशी आणून देणारे वर्तुळाकार उपांग. त्याचा आकार चपट्या ढोलासारखा असल्याने त्यास हे नाव मिळाले. नेहमीच्या पेटीवजा (बॉक्स) मॅगझिनात १० ते ३० काडतुसे मावतात, तर ड्रममध्ये सामान्यतः ५० ते १०० मावतात. हा संख्येचा लाभ उघड दिसतो. परंतु त्याची किंमत वजन, यंत्ररचनेची गुंतागुंत व बिघाडाचा संभव या रूपांत मोजावी लागते. त्यामुळे मॅगझिनाची गुणवत्ता ठरविताना त्यात किती काडतुसे मावतात यापेक्षा त्यांतील प्रत्येक काडतूस विनाअडथळा कक्षात पोहोचते की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

रचना व कार्य : अर्धस्वयंचलित रायफलीत चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, मात्र रिकामी पुंगळी बाहेर फेकणे व नवे काडतूस कक्षात सरकविणे या क्रिया वायुदाबाने किंवा प्रत्याघाताने आपोआप घडतात. बोल्ट मागे जाऊन पुन्हा पुढे येण्यास सेकंदाचा अल्प अंश पुरतो. तेवढ्या वेळात पुढचे काडतूस ठराविक उंचीवर व ठराविक कोनात उभे असले पाहिजे. पेटी मॅगझिनात हे काम एक स्प्रिंग व तिच्यावरील ढकलपट्टी करते; काडतुसांची चळत सरळ किंवा किंचित वक्र रेषेत वर सरकते.

ड्रममध्ये काडतुसे त्याच्या अक्षाला समांतर अशी वर्तुळाकार किंवा सर्पिल मार्गात रचलेली असतात. घड्याळातल्याप्रमाणे गुंडाळलेल्या स्प्रिंगेच्या बळाने फिरणारे चक्र त्यांना पुढे ढकलते. वर्तुळातून निघालेल्या काडतुसांना ड्रमच्या मानेत शिरताना सरळ मार्गावर यावे लागते. हे वळण म्हणजे या रचनेतील सर्वांत नाजूक जागा होय. अखेरची काही काडतुसे मानेतून वर लोटण्यासाठी पुष्कळ ड्रममध्ये लटक्या काडतुसांची साखळी वापरतात. वाळू, गंज, पत्र्यावरील पोचा किंवा मंदावलेली स्प्रिंग यांचा परिणाम प्रथम येथेच जाणवतो.

इतिहास : पहिल्या महायुद्धातील ल्यूइस मशिनगनीवर ४७ काडतुसांची तबकडी आडवी बसविलेली असे. तिच्यात स्प्रिंग नव्हती; बोल्टच्या हालचालीनेच तबकडी फिरत असे. त्याच युद्धाच्या अखेरच्या काळात जर्मनीने ल्यूगर पिस्तुलासाठी ३२ काडतुसांचा ड्रम वापरात आणला. अमेरिकेतील टॉमसन सबमशिनगनीचे ५० व १०० काडतुसांचे ड्रम विशेष प्रसिद्धीस आले. तथापि ते जड होते, चालताना त्यांतील काडतुसांचा खुळखुळाट होई आणि ते भरण्यास वेळ लागे. १९४२ मधील सुधारित एम-१ टॉमसनवर ड्रम बसविण्याची सोयच ठेवण्यात आली नाही. २० व ३० काडतुसांच्या पेट्यांवर काम भागविण्यात आले.

सोव्हिएट रशियाच्या पीपीएसएच-४१ या शस्त्राचा ७१ काडतुसांचा ड्रम फिनलंडच्या सुओमी शस्त्राच्या ड्रमवर आधारलेला होता. घाईच्या युद्धकालीन उत्पादनात मापे काटेकोर राहत नसल्याने एका बंदुकीचा ड्रम दुसरीला नीट बसेलच अशी खात्री नसे. प्रत्येक बंदुकीशी तिचे ड्रम जुळवून घ्यावे लागत. १९४२ मध्ये ३५ काडतुसांची पेटी आली आणि त्यानंतरच्या पीपीएस-४३ या शस्त्राला केवळ पेटीच ठेवण्यात आली. दोन देशांचा अनुभव असा एकाच निष्कर्षाकडे झुकतो.

गुणवत्तेचे निकष : (१) विश्वसनीयता : धूळ, चिखल, थंडी व धक्के सोसूनही सलग पुरवठा होणे. (२) अदलाबदलीयोग्यता : कोणतेही मॅगझीन त्या जातीच्या कोणत्याही शस्त्रास बसणे. (३) मृत वजन : दर काडतुसामागे वाहावे लागणारे रिकाम्या मॅगझिनाचे वजन. रशियन आरपीके मशिनगनीचा ७५ काडतुसांचा पोलादी ड्रम रिकामा सु. ०·९ किग्रॅ. भरतो, म्हणजे दर काडतुसामागे सु. १२ ग्रॅ.; त्याच जातीच्या ३० काडतुसांच्या पोलादी पेटीत हे प्रमाण सु. ११ ग्रॅ. आहे. येथे फरक नगण्य आहे. उलट ५·५६ मिमी. रायफलीसाठी बनविलेल्या १०० काडतुसांच्या जोडड्रमचे (बीटा सी-मॅग) रिकामे वजन सु. १ किग्रॅ. आहे, म्हणजे दर काडतुसामागे सु. १० ग्रॅ. ॲल्युमिनियमच्या ३० काडतुसांच्या पेटीत ते ४ ग्रॅ.पेक्षाही कमी पडते. (४) भरण्याची सोय : मूळ आरपीके ड्रममध्ये प्रत्येक काडतूस मानेतून दाबून भरावे लागते. चिनी प्रकारात मागील झाकण उघडून काडतुसे मांडता येतात व स्प्रिंग नंतर गुंडाळता येते. त्यामुळे भरलेला ड्रम स्प्रिंगेवर ताण न ठेवता साठविता येतो. (५) तोल : ड्रममुळे शस्त्राचा मध्य जड होतो व निजून नेम धरताना तो जमिनीस टेकण्याची शक्यता असते. पाच किंवा सहा पेट्या कमरपट्ट्यावर विभागून वाहता येतात. ड्रमचे वजन मात्र एकाच जागी लोंबते.

भारतातील अनुभव : भारतीय सेनेत रायफलीसाठी पेटी मॅगझीनच रूढ झाले. .३०३ ली-एन्फील्ड रायफलीत १० काडतुसांची पेटी होती. याच काडतुसाच्या ब्रेन मशिनगनीची पेटी ३० काडतुसांची असली, तरी स्प्रिंगेवरील ताण कमी राहावा म्हणून तीत बहुधा दोनतीन काडतुसे कमी भरत. .३०३ काडतुसाच्या तळाशी बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेपुढे नसली, तर दोन्ही एकमेकांत अडकतात. पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखान्यात (स्थापना १८६९) ही काडतुसे तयार होत. मॅगझिनाची गुणवत्ता काडतुसाच्या घडणीपासून वेगळी काढता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते. त्यानंतर आलेल्या ७·६२ मिमी. इशापूर अर्धस्वयंचलित रायफलीस २० काडतुसांची पोलादी पेटी होती.

पुणे येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापनेने अभिकल्पिलेल्या ५·५६ मिमी. इन्सास रायफलीसाठी २० व त्याच मालिकेतील हलक्या मशिनगनीसाठी ३० काडतुसांची पारभासक प्लॅस्टिकची पेटी योजण्यात आली. शिल्लक काडतुसे बाहेरून दिसणे हा तिचा गुण होता. परंतु १९९९ च्या कारगिल संघर्षात अतिशीत हवामानात या पेट्यांना तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. पेटीस तडा गेला की मुखाच्या कडा सैल होतात, काडतूस तिरपे येते आणि उत्तम रायफलही ऐन चकमकीत निरुपयोगी ठरते. पुढील आवृत्तीत सुधारणा करण्यात आल्या. साध्या रचनेच्या पेटीवर ही वेळ येऊ शकते. अनेक हलते भाग असलेल्या ड्रमची कसोटी तर याहून कडक असते. २०२० मध्ये सेनेसाठी करार झालेली ७·६२ मिमी. नेगेव्ह मशिनगन काडतुसांच्या पट्ट्यावर चालते. दीर्घकाळ सलग मारा करावयाचा असल्यास पट्टा आणि सैनिकाच्या रायफलीसाठी पेटी, अशी विभागणी आधुनिक सेनांमध्ये स्थिरावली असून ड्रमला मर्यादित स्थान उरले आहे.

कायदा व नागरी प्रश्न : भारताच्या शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये निषिद्ध शस्त्रांच्या व्याख्येतच मॅगझिनाचा उल्लेख येतो : चाप दाबून ठेवला असता, तो सोडेपर्यंत किंवा मॅगझीन रिकामे होईपर्यंत ज्यातून गोळ्या सुटत राहतात, असे शस्त्र. बंदुकीचे सुटे भागही या अधिनियमाच्या कक्षेत येतात. ज्या देशांत अर्धस्वयंचलित रायफली नागरिकांना सहज मिळतात, तेथे ड्रमची मोठी क्षमता हा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो. अमेरिकेत ऑरोरा (२०१२) व डेटन (२०१९) येथील हत्याकांडांत १०० काडतुसांचे ड्रम वापरले गेले. ऑरोरा येथे ड्रम बसविलेली रायफल मध्येच अडकली. डेटन येथे मात्र अर्ध्या मिनिटाच्या सुमारास नऊ जणांचा बळी गेला. रणांगणावर जो बिघाड सैनिकाच्या जिवावर बेततो, तोच अन्यत्र निरपराधांचा जीव वाचवू शकतो. म्हणूनच काही देशांनी मॅगझिनाच्या क्षमतेवर कायद्याने मर्यादा घातली आहे.