सफेतली खुर्ची

इशाची नमाज झाली की तरावीह सुरू होते. वीस रकाती म्हणजे वीस रुकू, चाळीस सजदे आणि दर रकातीनंतर जमिनीवरून पुन्हा उभे राहणे. धडधाकट माणसाच्या हे ध्यानातही येत नाही. पण सफेच्या टोकाला एखादा पस्तिशीतला तरुण खुर्चीवर बसून नमाज पढताना दिसला की मागे कुजबुज सुरू होते, 'एवढ्या वयात याला खुर्ची कशाला?' हातपाय तर शाबूत दिसतात. मशिदीच्या दारातून तो जरा झोकांड्या खात आत आला असेल, तर लोकांच्या मनात याहून वाईट शंका येते. पवित्र महिन्यात तरी अशी शंका येऊ नये, पण येते.

मल्टिपल स्क्लेरोसिस हा असाच न दिसणारा आजार आहे. रुग्ण आणि डॉक्टर त्याला थोडक्यात 'एमएस' म्हणतात. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतील नसांच्या वेष्टनावर हल्ला करते. वेष्टन झिजले की मेंदूचा हुकूम पायापर्यंत उशिरा पोहोचतो किंवा अर्धवट पोहोचतो. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे नेमके वर्णन केले. तो बहुधा वीस ते चाळीस या वयात सुरू होतो. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये त्याचे प्रमाण जास्त आहे.

उभे राहण्यासाठी शरीर तिघांची साक्ष घेते: डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव आणि तळपायांची जाणीव. एमएसमध्ये तळपाय बधिर झाले की सगळी भिस्त डोळ्यांवर येते. मग डोळे मिटले की माणूस डोलू लागतो. तोंड धुताना तोल जातो, ही तक्रार मेंदूविकारतज्ज्ञांच्या ओळखीची आहे. वुजूचा विचार केला तर धोका लगेच कळतो. ओली फरशी, चेहऱ्यावर पाणी घेताना मिटलेले डोळे आणि मग एका पायावर उभे राहून दुसरा पाय नळाखाली धरणे. अशा माणसाने वुजू बसूनच करावा, उठताना धरायला भिंतीला दांडी असावी. नमाजेत नजर सजद्याच्या जागेवर ठेवायची असते. तोल सांभाळायलाही तीच सवय उपयोगी पडते; एकाग्रतेसाठी डोळे मिटणे मात्र या रुग्णांना महागात पडू शकते.

दुसरा शत्रू उष्णता. अंगातली उष्णता अर्ध्या अंशाने वाढली तरी काही रुग्णांचे पाय जड होतात, नजर धूसर होते. जर्मन नेत्रतज्ज्ञ उथॉफ यांनी १८९० मध्ये हे नोंदवले. अंग थंड झाले की त्रास ओसरतो, म्हणून घरच्यांना ते नाटक वाटते. आता असर ते मगरिब या वेळेतले स्वयंपाकघर आठवा. कढईत भजी, बाजूच्या शेगडीवर खिमा, आणि पहाटे सहेरीसाठी उठलेली सून तासभर विस्तवापुढे उभी. तिचा पाय फरफटू लागला, हातातले भांडे निसटले, तर तो आळस नव्हे. तिला पंख्याखाली बसवून फळे चिरायला द्यावीत, तळण दुसऱ्या कुणीतरी करावे. घरातल्या पुरुषांनी केले तरी इफ्तारची चव बिघडत नाही!

रोजाचे काय? आजार स्थिर असेल आणि चालण्या-फिरण्यात फार अडचण नसेल, तर काहींना डॉक्टर रोजाची मुभा देतात. तोल जात असेल किंवा आजाराचा नवा झटका येऊन उपचार सुरू असतील, तर सहसा नको म्हणतात. आपल्या मनाने ठरवू नये, कारण गोष्ट फक्त भूक-तहानेची नसते. पायांचा ताठरपणा कमी करणारे बॅक्लोफेन हे औषध बरेच रुग्ण दिवसातून तीनदा घेतात. रोजासाठी दुपारची गोळी परस्पर गाळली तर पाय पुन्हा ताठरतात. आणि औषध एकदम बंद केले तर झटके, भास असे गंभीर परिणाम होऊ शकतात. रमजान लागण्यापूर्वीच डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहून घ्यावे. आजारी माणसाला रोजे पुढे करण्याची सवलत कुरआनच्या सूरह बकरामध्येच आहे. बरे होण्याची आशा नसलेल्या दुखण्यात फिदिया, म्हणजे दर रोजामागे एका गरिबाला जेवण, हा मार्ग आहे. तरीही कित्येक जण 'लोक काय म्हणतील' म्हणून लपूनछपून पाणी पितात.

खुर्चीला नाके मुरडणाऱ्यांनी एक प्रसंग आठवावा. अखेरच्या आजारात हजरत मुहम्मद पैगंबर (स.) दोघांच्या आधाराने मशिदीत आले, तेव्हा त्यांचे पाय जमिनीवर घासत होते, असे हजरत आयेशा यांनी सांगितले आहे. त्या वेळी त्यांनी बसून नमाज अदा केली. त्याआधीची एक हदीस आहे. मशिदीच्या दोन खांबांत एक दोरी बांधलेली दिसली. नमाजेत थकल्यावर धरण्यासाठी हजरत जैनब यांनी ती बांधली होती. पैगंबरांनी ती सोडायला लावली आणि थकल्यावर बसावे, असे सांगितले. उभे राहवत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून नमाज पढण्याची मुभा हदीसमध्ये स्पष्ट आहे. खुर्ची सफेत नेमकी कुठे ठेवायची, याबद्दल इमामसाहेबांना विचारून घ्यावे.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये आला, त्याच्या यादीत मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव आहे. प्रमाणपत्र काढता येते, हे अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. मशिदीच्या कमिटीला मात्र कायद्याची वाट पाहायला नको. पायरीशी एक कठडा, वुजूखान्यात दोन स्टुलं, चपलांचा ढीग वाटेतून बाजूला आणि चटईच्या दुमडलेल्या कडा सपाट केल्या, तरी निम्मी पडझड टळेल. काठी घेऊन आलेल्याची काठी कुणी उचलून कोपऱ्यात ठेवू नये, ती त्याच्या हाताशीच हवी.

राहिली ईद. ईदगाहचे मैदान खडबडीत, गर्दी दाट. अशा माणसाला हाताला धरून ओढू नये. आपला दंड पुढे करावा, तो हवा तसा धरेल. नमाज झाल्यावर गळाभेटीची झुंबड उडते. बाजूने अचानक मारलेली मिठी त्याला पाडू शकते. समोरून यावे, सलाम करावा, तो खुर्चीवर असेल तर आपणच वाकावे.