उल्लेखांची खतावणी

अमेरिकेच्या सरकारी खजिन्यातून वैद्यकीय संशोधनासाठी जी अनुदाने निघतात, त्यांचा फार मोठा हिस्सा बेथेस्डा येथील ‘नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ’ या संस्थेमार्फत खर्ची पडतो. आणि रयतेचा पैसा म्हटला की हिशेब मागणारे आलेच. संशोधनातून औषध निघाले, रोगी बरा झाला, हा दाखला सर्वोत्तम खरा. पण तो हाती येईतो कधीकधी एक पिढी सरते, आणि अंदाजपत्रक तर दरसाल मांडावे लागते. म्हणून युजीन गारफील्ड यांनी 1955 साली सुचवलेल्या वाटेने, एका निबंधाचा उल्लेख पुढील किती निबंधांत झाला याची खतावणी सुरू झाली.

या खतावणीत एक उघड अन्याय होता: ज्या विषयात लिहिणारेच मोजके, तेथे उल्लेखही मोजकेच. घराण्यावरून माणूस जोखावा तशी नियतकालिकाच्या सरासरीवरून निबंधाची किंमत करण्याची चाल तर त्याहून वाईट. 2016 साली जॉर्ज सँटँजेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संस्थेच्याच कचेरीतून जे सापेक्ष गुणोत्तर काढले, त्यातील खुबी अशी की, निबंधाचे क्षेत्र ना संपादक ठरवतो, ना सरकार; पुढचे लेखक ज्या निबंधांच्या जोडीने त्याचा उल्लेख करतात, ती शेजारमंडळी हेच त्याचे क्षेत्र. त्या शेजाराच्या मानाने अपेक्षित उल्लेख किती, हे संस्थेच्या अनुदानावर लिहिलेल्या निबंधांशी ताडून पाहायचे. गुणोत्तर 1 आले, तर निबंध त्यांतील मध्यम प्रतीचा. युक्ती मला न्याय्य वाटते; मात्र तिनेही मोजला जातो तो उपयोग, प्रतिभा नव्हे. ऑलिव्हर लॉरी यांचा 1951 चा निबंध तीन लाखांहून अधिक वेळा उल्लेखिला गेला, आणि त्यात आहे काय, तर प्रथिनांचे प्रमाण काढण्याची रीत! तो काही थोर निबंध नव्हे, हे खुद्द लॉरीही कबूल करीत.

खरी कसोटी लागली ती निबंधांवरून संशोधकांच्या चमूंकडे वळताना. एका चमूला पैसा वाढवत नेला, तर एका मर्यादेपलीकडे त्या प्रमाणात फळ वाढत नाही, असे संस्थेच्या दप्तरातूनच निघत होते. शिवाय दहा टक्के संशोधक चाळीस टक्क्यांहून अधिक निधी घेत होते. तेव्हा मे 2017 मध्ये संचालक फ्रान्सिस कॉलिन्स यांनी प्रत्येक अनुदानाला गुण देऊन एका संशोधकास 21 गुणांची कमाल मर्यादा घालण्याचा मसुदा पुढे केला. एरवी आकड्यांना मान देणाऱ्या बड्या प्रयोगशाळांतून हरकती उठल्या, सहकार्याने काम करणाऱ्यांनाच यात दंड बसेल ही तक्रार तर अगदीच निराधार नव्हती. जूनमध्ये मसुदा मागे घेतला गेला, आणि मर्यादेऐवजी नवोदित संशोधकांसाठी निधी वळविण्याचे ठरले.