जुनी काचपेटी घेताना

मासे पाळण्याची हौस पुष्कळांना असते. पण नवी काचपेटी घ्यायची तर पैसे बरेच पडतात. मग कोणाच्या तरी माळ्यावर पडून असलेली जुनी पेटी स्वस्तात मिळते. ती घरी आणल्याबरोबर पाणी भरून मासे सोडण्याची घाई करू नका. का, ते थोडे गणित करून पाहू या.

समजा, पेटी ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद व ३० सेंमी उंच आहे. तिच्यात ५४ लिटर पाणी मावेल. नुसत्या पाण्याचेच वजन ५४ किलोग्रॅम झाले! शिवाय हे पाणी बाजूच्या काचांनाही रेटते. पाण्याचा दाब खोलीप्रमाणे वाढतो. पृष्ठभागापाशी तो शून्य, तर तळाशी दर चौरस सेंमीवर ३० ग्रॅम वजनाइतका असतो. सरासरी १५ ग्रॅम. समोरच्या काचेचे क्षेत्रफळ १,८०० चौ. सेंमी आहे, म्हणजे तिच्यावर २७ किलोग्रॅम वजनाइतका रेटा पडणार. उंची ४५ सेंमी केली, तर हाच रेटा सव्वादोन पट होतो. उंच पेटीला जाड काच का लागते, हे आता ध्यानात येईल.

प्रथम कोरडी पेटी उजेडात नीट न्याहाळा. रेट्यामुळे काच किंचित बाहेर वाकते व तिची बाहेरची बाजू ताणली जाते. काच दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र फारसा सोसत नाही. तड्याच्या टोकाशी हा ताण एकवटतो आणि तडा पुढे सरकतो. म्हणून तडकलेली पेटी घेऊच नका. सांध्यांतील सिलिकोन कोठे सुटले आहे का, हेही पाहा. लोखंडी चौकटीच्या फार जुन्या पेट्यांत काचा शेंदूर मिसळलेल्या पुट्टीने बसविलेल्या असू शकतात. शेंदूर हे शिशाचे विषारी संयुग आहे. अशी पेटी माशांसाठी नको.

आता खरी परीक्षा. पेटी अंगणात किंवा मोरीत, सपाट व भक्कम जागी, थर्मोकोलच्या तक्त्यावर ठेवा. भोवती कोरडे वर्तमानपत्र पसरा. पाव पेटी भरून तासभर थांबा. मग अर्धी, मग पूर्ण भरा. पाण्याची पातळी चारही कोपऱ्यांत काठापासून सारख्याच अंतरावर आहे ना? नसेल तर जागा सपाट नाही. पाणी काढून पेटी नीट बसवा. पातळीवर खूण करून दोन दिवस ठेवा.

पाणी थोडे उतरले, तर ते गळाले की त्याची वाफ झाली? शेजारी उभ्या कडांचे पसरट भांडे पाण्याने काठोकाठ भरून ठेवा. दोन्हींतील पातळी साधारण सारखीच उतरली, तर ती वाफ. पेटीतील पातळी बरीच जास्त उतरली किंवा कागद एका जागी भिजला, तर गळती. गार पाण्यामुळे काचेवर बाहेरून दव जमते, पण ते सर्वत्र पसरलेले असते. पुसून पाहा, म्हणजे फरक कळेल.

गळती निघाली, तर जुन्या सिलिकोनवर नवे थापू नका. ते नीट चिकटत नाही. मोठ्या माणसांच्या मदतीने जुने पूर्ण खरवडून काढा आणि मत्स्यपेटीसाठीच असलेले सिलिकोन वापरा. न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या काही सिलिकोनमध्ये बुरशीनाशक असते. ते माशांना घातक ठरते. नवे सिलिकोन पुरते सुकल्यावर पुन्हा हीच परीक्षा घ्या.

पेटी धुताना साबण नको. क्षारांचे पांढरे डाग व्हिनेगरने निघतात. भरलेली पेटी कधीही उचलू नका. पाण्यात हात घालण्यापूर्वी पंप व दिव्याचे प्लग काढा. वायर प्लगपाशी पोहोचण्यापूर्वी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळणारे थेंब झोळाशीच गळून पडतील.

दोन दिवस कागद कोरडा राहिला? मग खुशाल वाळू व वनस्पती आणा. मासे मात्र पेटी काही आठवडे स्थिरावल्यावरच सोडा.