जुना लॅपटॉपही सांभाळू शकतो अनेकांचा खेळ

तामिळनाडू शासनाने विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना १५ सप्टेंबर २०११ रोजी सुरू केली. तत्कालीन मुख्यमंत्री जे. जयललिता यांनी तिचा प्रारंभ केला आणि पुढील काळात पन्नास लाखांहून अधिक लॅपटॉप विद्यार्थ्यांच्या हाती आले. भोसले राजांची राजधानी आणि सरस्वती महाल ग्रंथालय यांमुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या तंजावर जिल्ह्यातही ही योजना पोहोचली. त्यातील सुरुवातीचे लॅपटॉप आता दहा वर्षांहून अधिक जुने झाले आहेत. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नियमित सुरक्षा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवल्यामुळे देशभरातील अशा अनेक संगणकांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न निर्माण झाला आहे.

नवे संगणक खेळ अशा लॅपटॉपवर चालत नाहीत. मात्र अनेकांनी एकत्र खेळायच्या खेळाचा सर्व्हर, म्हणजेच खेळ चालवणारा मध्यवर्ती संगणक, म्हणून त्याचा उपयोग होऊ शकतो. वरवर पाहता हे विसंगत वाटेल. त्यामागील कारण मात्र साधे आहे.

खेळणारा संगणक आणि खेळवणारा संगणक

क्रिकेटच्या सामन्यात पंच आणि गुणलेखक स्वतः धावत नाहीत. कोण बाद झाला, किती धावा झाल्या, याचा निर्णय आणि नोंद ते करतात. सर्व्हरचे काम याच प्रकारचे असते. पडद्यावरील चित्रे, प्रकाश आणि सावल्या प्रत्येक खेळाडूचा स्वतःचा संगणक तयार करतो. सर्व्हर फक्त कोणता खेळाडू कोठे आहे, त्याने काय केले आणि ते नियमात बसते काय, एवढेच तपासून सर्वांना कळवतो. त्यामुळे सर्व्हरला महागडे ग्राफिक्स कार्ड तर नाहीच, पडदासुद्धा लागत नाही.

या पद्धतीचा इतिहास जुना आहे. ब्रिटनमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ पासून 'मड' हा अनेकांनी मिळून खेळायचा खेळ विकसित केला. तो केवळ मजकुराच्या आधारे चालत असे. १९९६ मधील 'क्वेक' आणि त्यानंतरचा 'काउंटर-स्ट्राइक' हे खेळ त्या काळातील पेंटियम संगणकांच्या सर्व्हरवर रंगत असत. २०११ चा साधा लॅपटॉपही त्या संगणकांपेक्षा कितीतरी पटींनी वेगवान आहे.

मर्यादा खेळानुसार बदलते

सर्वच खेळांची गरज सारखी नसते. 'फ्रीसिव्ह' या १९९५ मध्ये डेन्मार्कमधील विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या खेळात खेळाडू फेरीफेरीने चाली करतात. त्याचा सर्व्हर अत्यंत जुन्या यंत्रावरही सुखाने चालतो. 'क्वेक'सारख्या खेळांनाही मेमरी फारच थोडी लागते.

'माइनक्राफ्ट'ची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या सर्व्हरला खेळाचे संपूर्ण जग सेकंदाला २० वेळा पुढे न्यावे लागते. म्हणजे प्रत्येक टप्प्यासाठी ५० मिलिसेकंद मिळतात. काम त्या वेळेत पूर्ण झाले नाही, तर सर्वच खेळाडूंचा खेळ अडखळतो. हे मुख्य काम प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर चालत असल्याने चार संथ गाभ्यांपेक्षा एक वेगवान गाभा अधिक उपयोगी ठरतो. त्या वर्षांतील साध्या लॅपटॉपमध्ये सामान्यतः दोन ते चार गिगाबाइट मेमरी असे. तेवढ्यावर चार-पाच मित्रांचा खेळ चालू शकतो, चाळीस जणांचा नाही. त्याच धर्तीचा 'ल्युआंटी' हा मुक्त खेळ, ज्याचे नाव २०२४ पर्यंत 'माइनटेस्ट' होते, तुलनेने हलका आहे.

मेमरी वाचवण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग म्हणजे चित्रमय मांडणी नसलेली लिनक्स प्रणाली बसवणे. तामिळनाडूतील अनेक शासकीय लॅपटॉपवर विंडोजसोबत 'सी-डॅक'ने विकसित केलेली 'बॉस' ही लिनक्स प्रणालीही दिली गेली होती. तिचा पाया डेबियन या प्रणालीचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीने ३२ बिटच्या संगणकांवर प्रणाली बसवण्याची सोय काढून टाकली. म्हणून संगणक ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा, हे प्रथम पाहावे लागते.

अंतराचे गणित

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. चेन्नई ते सिंगापूर ही २००२ मध्ये सुरू झालेली 'आयटूआय' सागरी केबल सुमारे ३,२०० किलोमीटर लांबीची आहे. सर्व्हर सिंगापूरला असेल, तर केवळ या केबलवरील जाण्यायेण्यात संदेशाचे ३२ मिलिसेकंद खर्च होतात. तंजावर ते चेन्नईचा प्रवास आणि वाटेतील यंत्रांचा विलंब त्यात मिळवावा लागतो. तंजावर आणि कुंभकोणम यांच्यातील अंतर मात्र केवळ ४० किलोमीटर आहे. संदेश चेन्नईच्या केंद्रातून फिरून आला, तरी समुद्रापलीकडचा फेरा वाचतो.

माहितीचा भारही आटोक्यात असतो. सर्व्हर प्रत्येक खेळाडूला सेकंदाला २० वेळा २०० बाइटचा संदेश पाठवतो असे मानले, तर एका खेळाडूसाठी सेकंदाला ३२ किलोबिट आणि आठ जणांसाठी २५६ किलोबिट लागतात. भारताच्या २००४ च्या धोरणाने ब्रॉडबँड म्हणून निश्चित केलेला किमान वेग नेमका एवढाच होता. २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ मेगाबिटवर नेण्यात आली.

खरी अडचण पत्त्याची असते. अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता शेकडो ग्राहकांमध्ये वाटतात. एखाद्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे असावीत आणि दारावर एकच पाटी असावी, तसा हा प्रकार होय. आतून पत्र बाहेर जाते आणि त्याचे उत्तरही परत येते, परंतु बाहेरून आपणहून आलेला पाहुणा कोणाकडे पाठवायचा, हे द्वारपालाला कळत नाही. कंपनीकडून स्वतंत्र पत्ता घेणे किंवा नव्या 'आयपीव्ही ६' पद्धतीचा वापर करणे, हे त्यावरील उपाय आहेत. सर्व खेळाडू एकाच घरात वा वसतिगृहात असतील, तर इंटरनेटचीही गरज उरत नाही.

वीज, उष्णता आणि बॅटरी

जुना लॅपटॉप पडदा बंद ठेवून २० वॉटवर चालतो असे धरले, तर दिवसरात्र चालूनही दोन महिन्यांत सुमारे २९ युनिट वीज लागते. १०० वॉट घेणाऱ्या जुन्या डेस्कटॉपला त्याच काळात १४४ युनिट लागतात. तामिळनाडूने २०१६ मध्ये घरगुती ग्राहकांना दर दोन महिन्यांना पहिली १०० युनिट वीज मोफत देण्याचा निर्णय घेतला होता. या हिशेबाने लॅपटॉप त्या मर्यादेचा तिसरा हिस्साही घेत नाही, तर डेस्कटॉप एकटाच ती ओलांडतो. रोज चारच तास खेळ चालणार असेल, तर लॅपटॉपचा खर्च पाच युनिटांच्या आत राहतो.

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. तिच्यात जीव उरला असेल, तर थोड्या वेळासाठी वीज गेली तरी सर्व्हर बंद पडत नाही. मोठ्या आपत्तीत तिचा काही उपयोग नाही. नोव्हेंबर २०१८ मधील 'गज' चक्रीवादळानंतर तंजावर जिल्ह्याच्या अनेक भागांत दिवसेंदिवस वीज नव्हती. शिवाय सतत चार्जिंगवर असलेली जुनी बॅटरी फुगू शकते. फुगलेली बॅटरी ताबडतोब काढून टाकणे आणि ती अधिकृत ई-कचरा केंद्राकडे देणे आवश्यक असते.

कावेरीच्या खोऱ्यातील उन्हाळाही कडक असतो. पंख्यातील धूळ साफ करणे, प्रोसेसरवरील वाळलेला उष्णतावाहक लेप बदलणे आणि जुन्या हार्ड डिस्कऐवजी लहान एसएसडी बसवणे, या तीन गोष्टींनी यंत्राचे आयुष्य वाढते. खेळाच्या नोंदींची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवणे मात्र अनिवार्य मानावे.

उघड्या दाराची जोखीम

यंत्र जुने असले तरी चालते, प्रणाली जुनी असून चालत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे' या प्रोग्रॅममधील गंभीर दोष उघड झाला. 'माइनक्राफ्ट'च्या गप्पांच्या चौकटीत विशिष्ट ओळ लिहून पूर्ण सर्व्हरचा ताबा घेता येत होता. मित्रांसाठी ठेवलेला सर्व्हर अशा वेळी घरातील इतर संगणकांनाही धोक्यात आणू शकतो. म्हणून प्रणाली अद्ययावत ठेवणे, सर्व्हरला मर्यादित अधिकाराच्या खात्यावर चालवणे, केवळ ओळखीच्या खेळाडूंची यादी लावणे आणि त्या यंत्रावर बँकेचे वा खासगी कागद न ठेवणे आवश्यक आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे.

सर्व्हर कोणाच्या हाती?

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर भारतातील खेळाडूंना ३० ऑक्टोबर २०२० रोजी मिळाले. केंद्र शासनाच्या बंदीनंतर त्या दिवशी 'पबजी मोबाइल'चे सर्व्हर भारतासाठी बंद झाले आणि खेळ फोनमध्ये असूनही निरुपयोगी झाला. 'द क्रू' या खेळाचे सर्व्हर युबीसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले, तेव्हा तो विकत घेतलेल्यांना एकट्यानेही खेळता येईना. त्यातून सुरू झालेल्या मोहिमेच्या युरोपीय संघापुढील निवेदनाला जुलै २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या मिळाल्या. विकलेला खेळ कंपनीने माघार घेतल्यावरही खेळता येण्याजोगा राहावा, ही या मोहिमेची मागणी आहे.

याउलट 'क्वेक'चा मूळ प्रोग्रॅम १९९९ मध्ये सर्वांसाठी खुला करण्यात आला, आणि त्याचे सर्व्हर आजही हौशी लोक चालवतात. ज्या खेळाचा सर्व्हर खेळाडूंच्या हाती असतो, तो कधी संपवायचा, हे खेळाडूच ठरवतात. त्यासाठी मोठ्या गुंतवणुकीची गरज नसते. कपाटात पडून असलेला एखादा शाळकरी लॅपटॉप, मुक्त प्रणाली आणि थोडी निगा एवढे पुरेसे ठरू शकते.