पेशीचा एक काप म्हणजे पेशी नव्हे

मार्च 2020 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने (एनआयव्ही) करोना विषाणूचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने टिपलेले छायाचित्र प्रसिद्ध केले. केरळमधल्या रुग्णाच्या घशातील स्रावात सापडलेला तो गोलसर कण जेमतेम 75 नॅनोमीटरचा होता, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान. याच उपकरणाने पेशीतील अंगकेही अभ्यासतात, पण त्यांच्या चित्रांबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज: चित्रे मुळातच रंगीत असतात.
वस्तुस्थिती: एनआयव्हीचे छायाचित्र करड्या छटांचेच होते. इलेक्ट्रॉनांना रंग टिपता येत नाही. तो नंतर संगणकावर भरतात.

गैरसमज: जिवंत पेशी आतून दिसते.
वस्तुस्थिती: उपकरणात निर्वात पोकळी असते, तिथे पेशी तगत नाही. नमुना रसायनांनी स्थिर करून रेझिनमध्ये घट्ट बसवतात आणि हिऱ्याच्या सुरीने 50 ते 100 नॅनोमीटर जाडीचे काप काढतात. दुसरा मार्ग म्हणजे बर्फाचे स्फटिक बनण्याआधीच नमुना क्षणार्धात गोठवणे.

गैरसमज: पुस्तकातली लांबट तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) हाच तिचा खरा आकार.
वस्तुस्थिती: तो फक्त एक काप. काकडी आडवी चिरली की चकती, उभी चिरली की लांब फाक, तसेच हे. तंतुकणिकेची जाडी साधारण अर्धा ते एक मायक्रोमीटर, म्हणजे एकीचेच पाच ते वीस काप होतात. अनेक पेशींत तर तंतुकणिका एकमेकींना जोडून जाळे करतात.

गैरसमज: त्रिमितीय रूप थेट डोळ्यांना दिसते.
वस्तुस्थिती: ते गणिताने रचावे लागते. टोमोग्राफीत थोडा जाड काप साधारण उणे 60 ते अधिक 60 अंशांपर्यंत टप्प्याटप्प्याने कलवून छायाचित्रे घेतात आणि सीटी स्कॅनप्रमाणे संगणक त्यांतून त्रिमितीय रूप उभे करतो. 1950च्या दशकात जॉर्ज पॅलेड यांनी कापांवरून तंतुकणिकेच्या आतील पटलाच्या घड्या रुंद तोंडाच्या मानल्या होत्या. 1990च्या दशकात टोमोग्राफीने दाखवले की त्या अरुंद, नळीसारख्या तोंडांनी जोडलेल्या असतात.

गैरसमज: संगणकाने रचलेले रूप अचूकच असते.
वस्तुस्थिती: नमुना पूर्ण 90 अंश कलवता येत नाही. त्यामुळे काही दिशांची माहिती निसटते आणि अंगक इलेक्ट्रॉनांच्या दिशेने ताणल्यासारखे दिसते. म्हणून संशोधक नमुना दुसऱ्या अक्षाभोवतीही कलवतात आणि अनेक पेशी तपासूनच आकाराबद्दल विधान करतात.